बुजरे प्रवाळमासे व घरगुती खारी मत्स्यपेटी

माणसाला किंवा एखाद्या नव्या वस्तूला पाहून मागे सरणाऱ्या प्राण्याचे वर्णन करण्यास मराठीत निदान तीन विशेषणे आहेत : लाजरा, भित्रा आणि बुजरा. ह्यांपैकी 'लाजरा' हे मुळात माणसाचे विशेषण; लाजेला दुसऱ्याच्या नजरेची जाणीव लागते. 'भित्रा' हा शब्द स्वभावातील कायमची उणीव सांगतो. 'बुजरा' मात्र ह्या दोहोंहून निराळा आहे. बैल छत्री पाहून बुजतो, घोडा रस्त्यावर उडणाऱ्या कागदाला बुजतो. आणि तोच बैल दुसऱ्या दिवशी निमूटपणे जुवाखाली मान देतो. बुजण्याला काही निमित्त असते, आणि ते निमित्त दूर झाले किंवा ओळखीचे झाले म्हणजे बुजणे थांबते, हा अर्थ त्या क्रियापदातच आहे. बीड जिल्ह्यातील शेतकऱ्याला हा भेद समजावून सांगण्याचे कारण नाही.

प्रवाळखडकांच्या कपारींत राहणाऱ्या काही दुर्मिळ माशांचे वर्णन इंग्रजी ग्रंथांत 'लाजरे' असे केलेले असते. मराठीत त्यांना 'बुजरे' म्हणणे अधिक युक्त होय, आणि हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. मासा लाजरा आहे असे मानणारा मनुष्य त्याची लाज मोडण्याची वाट पाहत बसतो, काचेवर टिचक्या मारतो, अखेरीस कंटाळून दगड उचलून त्याला बाहेर काढतो. मासा बुजला आहे असे मानणारा मनुष्य तो कशाला बुजला हे शोधू लागतो. घरातील मत्स्यपेटीत असा मासा जगेल की नाही, हे बऱ्याच अंशी ह्या दोन वृत्तींपैकी कोणती पत्करली जाते ह्यावर अवलंबून असते. समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर दूर असलेल्या बीडसारख्या ठिकाणी ह्या प्रश्नाला पाण्याचीही एक बाजू आहे, तिचा विचार पुढे यथावकाश केला आहे.

प्रथम हे मासे कोणते, ते पाहू. त्यांना मराठी नावे नाहीत, हे साहजिकच आहे. आपल्या भाषेत माशांची नावे मुख्यतः बाजाराने आणि ताटाने दिलेली आहेत. सुरमई, हलवा, रावस, बोंबील ही नावे ज्या बारकाईने रूढ झाली, ती बारकाई न खाल्ल्या जाणाऱ्या माशाच्या वाट्याला आली नाही. शिवाय आहेत ती नावेही ठिकाण बदलले की अर्थ बदलतात. गोदाकाठचा भोई 'वाम' म्हणतो ती गोड्या पाण्यातील, कोकणातला कोळी म्हणतो ती समुद्रातील. दोहोंची कुळे वेगळी, साम्य केवळ लांबट आकाराचे. ह्यास्तव पुढील विवेचनात शास्त्रीय नाव अथवा साधे वर्णन हेच वापरले आहे.

बुजऱ्या माशांत अभ्यासकाचे लक्ष प्रथम वेधून घेणारा मासा म्हणजे कॅलोप्लेसिऑप्स अल्टिव्हेलिस. इंग्रजीत त्याला धूमकेतू म्हणतात. लांबी सुमारे २० सेंटिमीटरपर्यंत, रंग काळसर, सर्वांगावर पांढरे ठिपके, पंख लांब व पसरट. तांबड्या समुद्रापासून व पूर्व आफ्रिकेपासून प्रशांत महासागराच्या मध्यापर्यंत तो आढळतो, परंतु दिवसा तो कपारीतच असतो. शिकारीला निघतो तो तिन्हीसांजेनंतर. त्याच्या पाठीवरील पंखाच्या मागील टोकाशी डोळ्यासारखा एक ठिपका आहे. शत्रू जवळ आला की हा मासा डोके कपारीत घालतो आणि शेपटाकडचा भाग बाहेर ठेवतो. तो भाग मोरे जातीच्या एका ठिपकेदार हिंस्र वामीच्या तोंडासारखा दिसतो. ही वाम बिळातून डोके बाहेर काढून बसते, आणि तिच्या वाटेस सहसा कोणी जात नाही. ह्या अनुकरणाचे विवेचन जॉन मॅकॉस्कर ह्यांनी १९७७ मध्ये केले. म्हणजे ज्याला आपण पळपुटेपणा म्हणू, तो प्रत्यक्षात एक पवित्रा आहे. अर्थात तो घेण्यास कपार हवी. उघड्या पेटीत ह्या माशाला आपले एकमेव संरक्षण वापरताच येत नाही.

दुसरे उदाहरण भाषेच्या अभ्यासकाला विशेष रुचेल असे आहे. निवटीच्या जवळच्या कुळातील काही लहान गोबी मासे वाळूत एका कोळंबीच्या बिळात राहतात. बीळ खणणे आणि त्यातील रेती सतत बाहेर टाकणे हे काम कोळंबी करते. तिची दृष्टी अधू असते. मासा बिळाच्या तोंडाशी पहाऱ्याला बसतो. बाहेर येताना कोळंबी आपली एक लांब मिशी माशाच्या अंगाला टेकवून ठेवते. धोका दिसताच मासा शेपटी झटकतो, तो स्पर्श पोहोचताच कोळंबी आत सरते, आणि धोका वाढला तर मासाही तिच्यामागून बिळात शिरतो. झटक्याला येथे ठरलेला अर्थ आहे आणि त्यावर ठरलेली प्रतिक्रिया आहे. त्याला भाषा म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, परंतु संकेत म्हणण्यास हरकत नाही. असा मासा एकटा विकत आणून ठेवला तर तो पेटीच्या कोपऱ्यात दबून राहतो. त्याच्या जोडीची कोळंबी आणि चार-पाच बोटे खोल वाळू दिली तर तो दिवसभर बिळाच्या दाराशी दिसतो. धूमकेतू आणि ही जोडी एका लहान पेटीत मात्र ठेवू नये. धूमकेतूला कोळंबी आवडते.

ह्यावरून एक विरोधाभास ध्यानात येईल. नवखा संगोपक मासा दिसावा म्हणून दगड कमी ठेवतो. त्यामुळे मासा आहे त्या एकमेव आडोशाला चिकटून बसतो व दिसत नाही. उलट आडोसे पुष्कळ असले, आणि एका आडोशापासून दुसरा जवळ असला, की मासा त्यांच्या दरम्यान ये-जा करू लागतो. आपले आश्रयस्थान किती अंतरावर आहे ह्याचा हिशेब तो सतत करीत असतो, असेच त्याच्या वागण्यावरून वाटते. ह्यास जोड म्हणून आणखी एक उपाय जॉर्ज बार्लो ह्या प्राणिवर्तनाच्या अभ्यासकाने १९६८ मध्ये सुचविला : पेटीच्या वरच्या पाण्यात शांतपणे वावरणारे, निरुपद्रवी मासे सोडावेत. ते निर्धास्त हिंडत आहेत हे पाहून दडलेला मासा बाहेर येतो, कारण शत्रू जवळ असता तर वरचे मासे असे हिंडले नसते. गुरे निवांत चरताना पाहून गुराख्याने निर्धास्त व्हावे, त्यातलाच हा प्रकार.

माणसाची सवय हा ह्याच प्रश्नाचा दुसरा भाग. तोक्यो येथील सुमिदा मत्स्यालयात वाळूत बिळे करून राहणाऱ्या सुमारे ३०० बारीक वामी आहेत. त्या शरीराचा वरचा भाग बिळाबाहेर काढून डोलत असतात आणि चाहूल लागताच आत जातात. २०२० मध्ये महामारीमुळे मत्स्यालय प्रेक्षकांना बंद झाले. काही आठवड्यांतच ह्या वामी आपल्या रक्षकांनाही बुजू लागल्या. रक्षक जवळ आला की सगळ्या वाळूत गडप, त्यामुळे त्यांची प्रकृती तपासणेच अवघड झाले. तेव्हा मत्स्यालयाने मे महिन्यात पेट्यांसमोर पडदे मांडून लोकांना दूरदृश्य संभाषणाने 'भेटीस' येण्याचे आवाहन केले. ही हकीकत वर्तमानपत्रांतून गंमत म्हणून छापली गेली, परंतु तिच्यातील तत्त्व मराठी शेतकऱ्याला जुनेच आहे. बुजगावणे हा शब्द 'बुजणे' ह्याच कुळातला. आणि उभ्या पिकात चार दिवस एकाच जागी राहिलेल्या बुजगावण्याच्या डोक्यावर पाखरे येऊन बसतात, हे कोणी पाहिलेले नाही? नित्य आणि निरुपद्रवी दिसणारी वस्तू ओळखीची होते. म्हणून पेटी अगदी निर्मनुष्य खोलीत ठेवणे इष्ट नाही, तसेच दाराच्या येण्याजाण्याच्या वाटेवर ठेवणेही इष्ट नाही. माणसे बसलेली दिसतील, पण एकदम समोर येणार नाहीत, अशी बैठकीच्या खोलीतील बाजूची भिंत बरी. ह्या संदर्भात आपल्याकडील एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. रात्री गेलेली वीज अवेळी परत आली की पेटीचा दिवा एकदम लागतो आणि अंधारात स्थिरावलेले मासे काचेवर आदळतात किंवा पाण्याबाहेर उडी घेतात. दिव्याची कळ वीज आल्यावर आपोआप चालू राहणार नाही अशी व्यवस्था करावी, आणि पेटीवर बारीक जाळी ताणून बसवावी. मच्छरदाणीची जाळी ह्या कामी उत्तम. काचेचे झाकण उन्हाळ्यात घातक ठरते, त्याचे कारण पुढे येईल.

बुजरे मासे घरात मरतात ते भीतीने क्वचित, उपासमारीने बहुधा. पेटीत अन्न टाकले की धीट मासे ते अर्ध्या मिनिटात संपवितात, आणि बुजरा मासा कपारीतून डोके काढतो तेव्हा काही उरलेले नसते. धूमकेतू हा तर फार संथ शिकारी आहे. भक्ष्याकडे तो तिरक्या अंगाने, थांबत थांबत सरकतो. त्याला दिवे मालवल्यावर, लांब नळीने कपारीच्या तोंडाशी अन्न द्यावे लागते. प्रशांत महासागराच्या पश्चिम भागातील सिंकिरोपस स्प्लेंडिडस हा रंगीबेरंगी लहान मासा ह्याहून कठीण. तो दिवसभर दगडांवरील अतिसूक्ष्म कवचधारी जीव एकेक करून वेचीत असतो. गोठवलेले अन्न बहुधा ओळखतच नाही. नव्या, स्वच्छ दिसणाऱ्या पेटीत त्याच्यासाठी काहीच नसते, आणि काही आठवड्यांत त्याचे पोट खपाटीला जाते. वर्षभर जुनी, दगडांनी भरलेली पेटी नसेल तर तो आणूच नये.

आता पाण्याविषयी. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये उघडले, ते समुद्राच्या काठावरच. बीडमधील संगोपकाला समुद्र तयार करावा लागतो. हे शक्य होते ह्याचे कारण रसायनशास्त्राने दिलेले आहे. 'चॅलेंजर' जहाजाने जगभरातून आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण विल्यम डिटमार ह्यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यावरून असे ठरले की, समुद्राच्या पाण्यातील क्षारांचे एकूण प्रमाण कमीअधिक असले तरी त्या क्षारांचे परस्परांशी प्रमाण जवळजवळ सर्वत्र सारखे असते. तेव्हा ते मिश्रण कोठेही करता येते. एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे २०० लिटरच्या पेटीस सुमारे ७ किलो. ह्यांत सोडियम व क्लोराइड मिळून सुमारे ८५ टक्के असले तरी उरलेल्या भागातील मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींवाचून चालत नाही. म्हणून स्वयंपाकघरातील मीठ येथे निरुपयोगी होय. बाजारात मिळणारे तयार सागरी मिश्रण वापरावे.

ते कोणत्या पाण्यात मिसळावयाचे, हा खरा प्रश्न. बीडच्या विंधनविहिरीचे पाणी काळ्या पाषाणातून झिरपलेले, दुष्फेन. त्यात खतांमुळे नायट्रेटही असण्याचा संभव. क्षारांचे प्रमाण आधीच बिघडलेल्या पाण्यात मिश्रण घातले तर डिटमारच्या नियमाचा काय उपयोग? म्हणून आरओ यंत्राने पाणी शुद्ध करणे भाग पडते. परंतु घरगुती यंत्र एक भाग शुद्ध पाण्यामागे साधारणतः तीन भाग पाणी बाहेर टाकते. आणि पाणी एकदा भरले म्हणजे झाले असे नाही. पेटीचा पृष्ठभाग ९० सेंटिमीटर लांब व ४५ सेंटिमीटर रुंद धरला, आणि कोरड्या उन्हाळ्यात पंख्याखाली दिवसाला एक सेंटिमीटर पाणी उडाले, तर ते ४ लिटर होते. क्षार मागेच राहतात. पाच दिवस भर घातली नाही तर ३५ ची क्षारता ३९ च्या घरात जाते. ही भर शुद्ध गोड्या पाण्याचीच घालावी लागते, खाऱ्या पाण्याची नव्हे. म्हणजे दिवसाला १६ लिटर पाणी यंत्रात घालावयाचे आणि १२ लिटर बाहेर टाकावयाचे.

ज्या जिल्ह्यात केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण २०१६ मध्ये कोरडे पडले, आणि त्यावर अवलंबून असलेल्या शेजारच्या लातूरला त्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेथे हा आकडा नुसता वाचून सोडून देण्यासारखा नाही. टँकरची वाट पाहणाऱ्या गल्लीत बारा लिटर पाणी मोरीत सोडणारी पेटी ठेवणे ही खाजगी बाब राहत नाही. टाकाऊ पाणी भांडी-फरशीला वापरता येते, आणि ते वापरलेच पाहिजे. पण त्याहून चांगला मार्ग पावसाचा आहे. पावसाच्या पाण्यात विरघळलेले क्षार अत्यल्प असतात. दहा चौरस मीटर गच्चीवर वर्षात ६०० मिलिमीटर पाऊस झाला तर हिशेबाने ६००० लिटर पाणी पडते. त्याचा चौथा हिस्सा साठविला तरी रोज सरासरी चार लिटरची वर्षभराची गरज भागते. ह्यासाठी सिमेंटची गच्ची चालते. जुन्या वाड्याच्या माळवदावरून माती येते, आणि जस्ताच्या पत्र्यावरून जस्त. जस्त व तांबे ही दोन्ही कोळंबीसारख्या जीवांना विषासमान आहेत. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी सोडून द्यावे, नंतरचे झाकून, कोळशातून गाळून ठेवावे. ज्याला हे शक्य नाही त्याने दुष्काळी वर्षात पेटी मांडू नये, असेच म्हणावे लागते.

उष्णतेचा विचार पाण्याला जोडूनच येतो. ह्या माशांना २५ ते २६ अंश मानवते. बीडचा उन्हाळा ४० च्या वर जातो. येथे कोरडी हवा उपकारक ठरते. २०० लिटर पाण्यातून १ लिटर उडाले तर उरलेल्या पाण्यातून सुमारे ३ अंशांइतकी उष्णता निघून जाते. माठाचेच हे तत्त्व. म्हणून झाकण काचेचे नको आणि पृष्ठभागावर पंखा हवा. किनाऱ्यावरच्या दमट हवेत हा उपाय इतका लागू पडत नाही. मात्र वीज गेली की पंखाही थांबतो आणि पाण्याची हालचालही. २५ अंशांवरील समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर ६.२, गोड्या पाण्यापेक्षा हे प्रमाण मुळातच कमी. कपारीत दडलेल्या माशाभोवती पाणी सर्वांत संथ असते, म्हणून विजेवाचून चालणारा, बॅटरीचा हवापंप घरात असणे अत्यावश्यक आहे.

कपारी कशाच्या करावयाच्या? जाकार्ताचे ली चिन एंग ह्यांनी १९६१ मध्ये समुद्रातून काढलेले, जीवांनी भरलेले खडक पेटीत ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली आणि पुढे ती जगभर पसरली. आपल्याकडे तो मार्ग मोकळा नाही, आणि नसावाच. प्रवाळ व समुद्री घोडे ह्यांना २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या परिशिष्टांत स्थान मिळाले आहे. भाजलेल्या मातीचे किंवा चांगले भिजवून मुरविलेल्या सिमेंटचे सच्छिद्र दगड करून त्यांची गुहा रचावी. काळा पाषाणही चालतो, पण घट्ट दगडापेक्षा पोकळ्या असलेला घ्यावा, कारण त्या पोकळ्यांत जीवाणू वसतात. हे जीवाणू माशांच्या मलमूत्रातील अमोनियाचे नायट्राइट व त्याचे नायट्रेट करतात; त्यांची वस्ती स्थिर होण्यास चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासा आणू नये. आपल्या पाषाणातील झिओलाइट अमोनिया शोषून घेते म्हणून ते पेटीत घालावे, असा सल्ला कधी कधी दिला जातो. गोड्या पाण्यात तो बरोबर आहे. खाऱ्या पाण्यात सोडियम इतके विपुल असते की झिओलाइट अमोनिया धरून ठेवीत नाही. गोड्या पाण्यात आधी शोषलेला अमोनिया उलट सोडून देते.

मासा कोठून आला हेही विचारावे. फिलिपीन्समध्ये १९६० च्या दशकापासून, आणि पुढे इंडोनेशियातही, खडकांत सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडण्याची चाल पडली. बुजरा, कपारीतला मासा हातात येण्याचा तो सोपा मार्ग. असा मासा दुकानात धडधाकट दिसतो आणि पुढे काही आठवड्यांनी मरतो. फवारलेला प्रवाळ तर तेथेच मरतो. विदूषक माशांची पैदास आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने साधली आहे, पण दुर्मिळ जातींपैकी फार थोड्या बंदिवासात वाढतात. धूमकेतू त्यांपैकी एक असून त्याची अंडी नर राखतो. पेटीत जन्मलेला मासा मिळत असेल तर तोच घ्यावा. तो अन्नही लवकर ओळखतो.

आणलेला मासा प्रथम तीन-चार आठवडे वेगळ्या पेटीत ठेवून रोगाची खात्री करून घेतात. ही पेटी दगडांवाचून रिकामी असते, आणि बुजरा मासा तेथेच खचतो. त्यासाठी पीव्हीसी नळीचे तुकडे पुरेसे आहेत. शेतावरच्या दुरुस्तीतून उरलेले तुकडे घेतल्यास ते औषधफवारणीच्या कामात वापरलेले नाहीत एवढे मात्र पाहावे. मुख्य पेटीत सोडताना दिवे बंद असावेत. धूमकेतू त्यानंतर आठ-पंधरा दिवस दृष्टीस पडला नाही तरी तो मेला असे धरून दगड हलवू नयेत. रात्री मंद तांबडा दिवा धरून पाहावे. हा प्रकाश बहुतेक प्रवाळमाशांना फारसा जाणवत नाही. पाण्यातील अमोनिया मोजावा. तो शून्य असेल आणि कपारीशी ठेवलेले अन्न सकाळपर्यंत नाहीसे होत असेल, तर मासा आत आहे आणि खात आहे.